कारपेट कुणासाठी?

प्रश्न : मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे. दारातच मांडव घालतोय. फाटकापासून स्टेजपर्यंत लाल कारपेट असावं असं मला वाटतं. आजोबा म्हणतात, "हे सिनेमावाल्यांचं खूळ, आपल्यात पायघड्या असतात." नेमकं खरं कुणाचं?
– एक वाचक, विटा

उत्तर : आजोबांचं निम्मं खरं. सिनेमावाल्यांनी ते गाजवलं, इतकंच. १९२२ मध्ये हॉलिवूडच्या इजिप्शियन थिएटरात 'रॉबिन हूड'च्या पहिल्या खेळाला लाल गालिचा अंथरला होता. ऑस्करला तो १९६१ पासून. पण त्याच्याही आधी, १९०२ साली सुरू झालेल्या न्यूयॉर्क-शिकागो 'ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड' गाडीच्या उतारूंसाठी फलाटावर तो घालत. आणि एस्किलस या ग्रीक नाटककाराचं 'अ‍ॅगॅमेम्नॉन' नाटक तर इसवीसनापूर्वी ४५८ मधलं. युद्ध जिंकून आलेल्या राजापुढं राणी लाल-जांभळी वस्त्रं अंथरायला लावते. हा मान देवांचा, म्हणून राजा बिचकतो. शेवटी पायताण काढून त्यावरून आत जातो. आत राणी त्याचा खून करते, ते सोडा. पायताण काढलं, ते मला महत्त्वाचं वाटतं.

लालच का? पूर्वी हा रंग भलता महाग होता. मेक्सिकोत निवडुंगावरचे इवलेसे किडे वेचून, वाळवून, कुटून तो काढत. आता पॉलिएस्टरला काय, लाल आणि हिरवं एकाच भावात मिळतं. २०२३ मध्ये ऑस्करनंच शॅम्पेनच्या रंगाचा गालिचा घातला. तेव्हा मान रंगात शोधू नका.

सांगली-मिरजेत मंडपाच्या धंद्यात माझी उमर गेली. पहाटे गडी कारपेट टाकून जातात. मग त्यावरून आचाऱ्याची पातेली जातात, बँजोवाल्यांचे स्पीकर जातात, पोरं लोळतात. परण्या, म्हणजे नवऱ्या मुलाची मिरवणूक, दारात येईस्तोवर त्याचं पायपुसणं झालेलं असतं. पायघड्यांत तसं होत नव्हतं. जुन्या लग्नांत विहिणीपुढं परीट धोतर अंथरायचा; ती पुढं सरकली की मागचं उचलून पुन्हा पुढं. दुसऱ्या कुणाचा पाय पडायला वेळच नाही. काटेवाडीत तुकोबांच्या पालखीला परीट समाज आजही धोतरांच्या पायघड्या घालतो.

म्हणून आधी ठरवा, कुणासाठी घालायचंय. नवऱ्या मुलासाठी असेल तर गुंडाळी फाटकाशी ठेवा आणि परण्या मारुतीच्या देवळातून निघाला की सोडा. मंडपवाला कुरकुर करील, एक गडी अडकून पडतो ना! त्याचे चार पैसे जास्त द्या. मला विचाराल तर नवऱ्या मुलाआधी आजोबांना त्यावरून चालवा, वाद तिथंच मिटेल.

जोड येतो तिथं फाटकाकडचा तुकडा वर आणि स्टेजकडचा खाली घ्यायला सांगा. उलटं झालं की येणाऱ्याच्या चपलेचं टोक कडेत अडकतं, आणि पडते ती नेमकी नऊवारीतली आत्या. मातीवर टेपचा उपयोग नाही, वॉशर घालून खिळे मारायचे. आणि मे महिना आहे, वळवाचा भरवसा नाही. हलकं कारपेट भिजलं की रंग सोडतं. मालकाकडून एक तुकडा मागून आणा, बादलीत बुडवा आणि पांढऱ्या फडक्यावर पिळून बघा. फडकं लाल झालं तर दुसरा मंडपवाला गाठा.