‘सुप्त’ कशाला म्हणावे?

चोपड्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: प्रगतिपुस्तकात ‘मुलीत पोटेन्शियल आहे’ याऐवजी ‘मुलीत सुप्त शक्यता आहे’ असे लिहिले तर चालेल का?

बाई, माझ्या मते तसे लिहू नये. शक्यता घटनेची असते: पावसाची शक्यता, भाव पडण्याची शक्यता. माणसात असतात ते गुण किंवा क्षमता. ‘सुप्त गुण’ जरूर लिहा, पण तो गुण अजून उघड झालेला नसेल तरच. मुलगी परिपाठात आत्ताच धीटपणे बोलत असेल तर तिचे वक्तृत्व सुप्त कसले? तिथे ‘वक्तृत्वाची उत्तम क्षमता आहे’ हेच नेमके. (‘वाव’ वेगळा. तो मोकळ्या जागेचा शब्द: ‘अक्षरात सुधारणेला वाव आहे’.)

‘सुप्त’ आला ‘स्वप्’ म्हणजे झोपणे या संस्कृत धातूपासून; ‘स्वप्न’ त्याचाच भाऊबंद. जे सुप्त आहे ते आत असतेच, फक्त जागे झालेले नसते. कोणी मुद्दाम झाकून ठेवले तर ते ‘गुप्त’. या दोघांची गल्लत फार होते आणि ती मला खटकते.

आपल्या खान्देशात हा शब्द शाळेपेक्षा शेतीच्या बोलण्यात अधिक काटेकोर वापरला जातो. उपट्या भुईमुगाच्या बियांना सुप्तावस्था जवळपास नसते, म्हणून काढणीला पाऊस लागला की शेंगांना जमिनीतच कोंब फुटतात. पसऱ्या वाणाचे बी मात्र ओल मिळूनही काही काळ उगवत नाही. इथे झोपून राहणे हाच बियाण्याचा गुण ठरतो. उलट गुलाबी बोंडअळी हंगाम सरताना सुप्तावस्थेत जाते, पऱ्हाटीवरच्या (कपाशीच्या उभ्या झाडांवरच्या) वाळक्या बोंडांत पडून राहते आणि पुढच्या कपाशीवर उठते; फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात राखून घेतलेले पीक) घेऊ नका असे सांगतात ते यासाठीही. तेव्हा ‘सुप्त’ म्हटले की आत चांगलेच काही असेल असे समजू नये. सुप्त वैरही असतेच की.

आणखी एक बारकावा. दादर (रब्बी ज्वारी) पोटरीत येते, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात असते, तेव्हा ते दिसत नाही; केळी निसवण्याआधीही (घड बाहेर पडण्याआधीही) तो खोडाच्या आतच घडत असतो. पण त्यांना कोणी सुप्त म्हणत नाही, कारण आत वाढ चालूच असते. सुप्तावस्थेत वाढ थांबलेली असते. हळूहळू उमलणाऱ्या मुलांसाठी मला ‘सुप्त’पेक्षा ‘पोटरीतले’ हा आपला शब्द जास्त खरा वाटतो, प्रगतिपुस्तकात लिहिता आला नाही तरी.