हायस्कूलसाठी ऑनलाइन शिक्षण चांगलं की वाईट? फायदे-तोटे सांगा

मी २०२०-२१ला दहावीत होतो, आमची अख्खी दहावी मोबाईलवरच झाली, त्यामुळे अनुभवाचंच सांगतो.

फायदा खरा एकच वाटला मला, व्हिडिओ थांबवून परत बघता येतो. त्रिकोणमिती मला वर्गात बापजन्मात कळली नसती, सरांना तेच तेच चौथ्यांदा विचारायला लाज वाटते ना, यूट्यूबवाल्याला कितीही वेळा मागे ओढा तो चिडत नाही. एसटीचा पास आणि रोजचे दोन तास वाचले तो वेगळा भाग.

आता तोटे. घरात फोन एक, तो पप्पांचा, ते कामावर गेले की फोनपण गेला, आणि बहीण सातवीत, तिचाही तास त्याच वेळेला. रेंज फक्त गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ, उन्हात स्क्रीन दिसायची नाही म्हणून डोक्यावर टॉवेल घेऊन बसायचो 😄 भूमितीच्या रचना तर विचारूच नका, कंपास धरायचा की फोन? प्रयोग एकही हाताने केला नाही, जर्नल मात्र पूर्ण, सगळं व्हॉट्सअपवरून उतरवलेलं.

त्या वर्षी बोर्डाची परीक्षाच रद्द झाली, नववीचे आणि शाळेतले मार्क धरून निकाल लावला, राज्याचा ९९.९५ टक्के! आम्ही खूश, पण अकरावीत फिजिक्सच्या पहिल्याच चाचणीत २५ पैकी ६ पडले तेव्हा कळलं किती पाण्यात आहोत ते.

म्हणून माझं मत, शाळा हवीच, ऑनलाइन फक्त रिव्हिजनला ठेवा.