रात्री क्लोनाझेपाम चालू आहे, संध्याकाळी दोन पेग घेतले तर किती तासांनी गोळी घेतलेली चालते?

तासांचा हिशेब मांडूच नका, गोळी चालू असताना पेग नकोच. क्लोनाझेपाम अंगातून निम्मी उतरायलाच 30-40 तास लागतात, म्हणजे आजच्या पेगाला कालची गोळी भेटतेच. दोन्हींनी गुंगी येते, दोन्हींनी श्वास मंदावतो.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात. दारूबंदी आहे, तरी मोहाची मिळते. दादाला घबराटीसाठी हीच गोळी चालू होती. पोळ्याच्या दिवशी बैलांची पूजा झाली आणि तो मंडळींसोबत बसला. घरी येऊन जेवला, वहिनीनं रोजच्यासारखी गोळी दिली. तिचा काही दोष नाही, तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

रात्री दोनला त्याच्या घोरण्यानं मला जाग आली. घोरणं कसलं, नुसती खरखर, आणि मधेच सगळं बंद. मी मोजत होतो, आठ, नऊ, दहा, मग हिसका देऊन एक श्वास. ओठ निळे पडलेले. काका म्हणाले, "झोपू दे नं त्याले, सकाळी उतरते." वर लिंबूपाणी पाजायला निघाले! बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं. मी दादाला कुशीवर वळवलं, 108 ला फोन लावला, पण गाडी लांब होती म्हणून शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये टाकून नेला. दोन दिवस ऑक्सिजनवर होता.

घरी आल्यावर काकांनी निकाल दिला, "गोळ्याइनंच झालं," आणि पाकीट चुलीत टाकलं. चौथ्या दिवशी दादाला फिट आली. ही गोळी एकदम तोडली की फिट येऊ शकते. काका अजूनही लग्नाकार्यात सांगतात की गोळ्यांनी पोरगं वाया जात होतं. नाही काका. त्या गोळीवर दादा पाच महिने रात्री झोपला, पराटीत डवरणीला उभा राहिला. पोळ्याच्या रात्री त्याचा ग्लास तुम्ही भरला होता.

आणि हो, पेग घेता यावा म्हणून त्या दिवशीची गोळी चुकवू नका, मनानं बंदही करू नका. रोज पिणारे असाल तर दारूही एकदम सोडू नका, त्यानंही फिट येते. दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. डॉक्टर लांब असतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. किती पिता तो आकडा मात्र खरा सांगा. दादानं "कधीमधी" सांगितलं होतं.