मुलांना लिहितं करताना

सर, पहिल्याच तासाला फळ्यावर 'तथ्य' आणि 'मत' यांच्या व्याख्या लिहून देऊ नका. मुलं त्या पाठ करतात आणि लिहायला बसली की विसरतात. त्यापेक्षा तीन वाक्यं लिहा. 'साल्हेर किल्ला नाशिक जिल्ह्यात आहे.' 'साल्हेर हा महाराष्ट्रातला सगळ्यात देखणा किल्ला आहे.' 'रायगड हा महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला आहे.'

पहिली दोन वाक्यं मुलं झटकन ओळखतात. अडतं ते तिसऱ्यापाशी. साल्हेरची उंची १५६७ मीटर, रायगड त्याच्या जवळपास निम्मा. हे सांगितलं की वर्ग ओरडतो, "मग ते मत!" इथे घाई करू नका. चुकीची माहिती म्हणजे मत नव्हे. जे तपासून पाहता येतं ते माहितीचं विधान, मग ते खरं निघो की खोटं. माझ्या सातवीच्या वर्गाला हे उमजायला दोन आठवडे लागले आणि ते वाया गेले असं मला कधीच वाटलं नाही.

मग त्यांच्याच वह्या काढा. माहितीखाली सरळ रेघ, मताखाली नागमोडी. सरळ रेघेसमोर समासात लिहायचं, 'कुठून कळलं?' एका मुलीने लिहिलं होतं, 'आमच्याकडचं पाणी वाईट आहे.' नागमोडी रेघ ओढून ती थांबली आणि खाली स्वतःहून लिहिलं, 'नळाला तीन दिवसांआड पाणी येतं. पहिली बादली गढूळ असते.'

तिचं मूळ वाक्य मी खोडू दिलं नाही. तुम्हीही मतं खोडायला लावू नका, त्यापुढे 'कारण' लिहायला सांगा.