काळ्या डायवरून प्लॅटिनम ब्लाँड आणि वर ग्लास हेअर, एकाच दिवशी करू का? – माझं उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की दोन-तीन वर्षं घरीच काळा बॉक्स डाय (दुकानातला तयार डबा) लावलेल्या केसांवर एका बैठकीत प्लॅटिनम ब्लाँड करायचंय, त्याच दिवशी वरून 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' स्मूदनिंग, म्हणजे केस सरळ-गुळगुळीत करायची केमिकल ट्रीटमेंट, करून तो आरशासारखा ग्लास हेअर लूक हवाय, आणि सलॉनवाले हो म्हणतायत. माझं उत्तर नाही असं आहे. प्लॅटिनम होऊ शकतं पण एका दिवसात नाही, आणि स्मूदनिंग तर यादीतून काढूनच टाक. मी बरीच वर्षं कलरचंच काम करतेय, त्यामुळे हे जरा लांबणार आहे, पण वाच प्लीज, कारण यात केसांपेक्षा मोठा धोका पण आहे.

आधी ते सेलिब्रिटी फोटो. 2022 च्या मेट गालाला, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या बड्या फॅशन सोहळ्याला, टीव्ही स्टार किम कार्डाशियन मेरिलिन मन्रोचा 1962 चा ड्रेस घालून आली तेव्हा तिचे काळे केस प्लॅटिनम करायला सलग 14 तास लागल्याचं तिनं स्वतः सांगितलं होतं. 14 तास, आणि ते सुद्धा जगातले सगळ्यात महागडे हात दिमतीला असताना. ती 2015 मध्ये पॅरिस फॅशन वीकला पण अशीच ब्लाँड होऊन आली होती आणि थोड्याच दिवसांत परत गडद रंगावर गेली, पण आपल्या डोक्यात राहतो तो ब्लाँडवालाच फोटो.

तुझ्या प्रकरणाला खरी जवळची गोष्ट गायिका बिली आयलिशची आहे. तिचे काळे आणि मुळांशी हिरवे केस होते ना, 2021 च्या मार्चमध्ये ती अचानक ब्लाँड दिसली आणि सगळीकडे एकच चर्चा की एका रात्रीत कसं केलं. एका रात्रीत नव्हतंच केलं! साधारण सहा आठवडे टप्प्याटप्प्यानं काम चालू होतं आणि तोपर्यंत बाहेर ती जुन्या रंगाचा विग घालून फिरत होती, त्या वर्षीच्या ग्रॅमीला पण विगच होता. मला तिच्या कलरिस्टचं याचसाठी कौतुक वाटतं की घाई केली नाही. म्हणजे जिच्यासाठी पाहिजे तेवढा पैसा आणि माणसं हजर होती तिलाही काळ्या डायवरून यायला दीड महिना लागला, मग तुझ्या सलॉनला एक दुपार कशी पुरेल?

आता वेळ का लागतो ते. केसातला नैसर्गिक काळा-तपकिरी रंग म्हणजे युमेलॅनिन, तो ब्लीचनं तसा बऱ्यापैकी लवकर तुटतो, पण लालसर-पिवळा फिओमेलॅनिन चिवट असतो, म्हणून काळा केस ब्लीच करताना आधी लाल, मग केशरी, मग पिवळा आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका पिवळा होतो, आणि तिथं पोचल्यावरच टोनर, म्हणजे उरलेला पिवळेपणा मारणारा हलका रंग, लावून प्लॅटिनम दिसतं. केशरीवर कितीही भारी टोनर लाव, प्लॅटिनम येणार नाही. वर तुझ्या केसात बॉक्स डायचे थर आहेत, आणि दर वेळी तू मुळांपासून टोकांपर्यंत लावला असशील तर टोकांवर सगळ्यात जाड थर बसलाय. तो एकसारखा निघत नाही, मुळं पिवळी, मधे केशरी आणि टोकं विटकरी असे पट्टे पडतात, मग ते पट्टे घालवायला परत ब्लीच, आणि नेमकी त्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत जुनी टोकं तुटतात.

तुटतात कारण ब्लीच फक्त रंग तोडत नाही. ब्लीच पावडरमधलं परसल्फेट आणि ती ज्यात कालवतात त्या डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळून केसाच्या प्रोटीनमधले डायसल्फाइड बंध पण तोडतात, ज्यांच्यावर केसाची ताकद उभी असते, आणि त्यातले बरेचसे तुटून सिस्टेइक ॲसिड झाले की परत जोडले जात नाहीत. केसावरचा नैसर्गिक तेलकट थर जातो तो वेगळाच, म्हणून ब्लीच केलेला केस हाताला खरखरीत लागतो आणि ओला असताना रबरासारखा ताणला जातो. डेव्हलपर 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइड, 30 म्हणजे 9 आणि 40 म्हणजे 12. कुणी लवकर उरकायला 40 घेऊन थेट टाळूपासून लावायला लागलं तर खुर्चीवरून उठ, लाजू नकोस. टाळूच्या उष्णतेनं मुळांपाशी ब्लीच तसंही जास्त वेगानं काम करतं, तिथं कमी व्हॉल्यूमच लावायचा असतो आणि तो पण सगळ्यात शेवटी.

बाँड बिल्डर, म्हणजे ते तुटलेले बंध जोडायला ब्लीचमध्ये घालतात ते उत्पादन, घातलं की काही होत नाही असं सांगितलं असेल तुला. त्यातलं ओलाप्लेक्स 2014 मध्ये आलं आणि त्यानं कलरिस्ट लोकांचं काम खरंच बदललं, हे मी मनापासून म्हणते, किमच्या 2015 च्या ब्लाँडनं त्याची हवा अजून झाली, आणि आता प्रत्येक दुसऱ्या बाटलीवर बाँड हा शब्द छापलेला असतो. त्यानं नुकसान कमी होतं हे खरं, पण नुकसान होतच नाही असं नाही, आणि त्याच्या भरवशावर एक जास्तीची फेरी मारणं हा मला सरळ चुकीचा वापर वाटतो.

आता स्मूदनिंग, ज्याच्यासाठी मी खरं तर हे उत्तर लिहायला बसले. जुन्या केराटिन ट्रीटमेंटमध्ये फॉर्मल्डिहाइड असायचं, किंवा मेथिलीन ग्लायकॉल या नावानं पाण्यात विरघळवलेलं तेच, आणि गरम फ्लॅट आयर्न फिरवला की ते वाफेतून बाहेर पडतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत फॉर्मल्डिहाइड पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध झालेलं. अमेरिकेत 2010-11 च्या आसपास कामगार सुरक्षा विभागानं तपासण्या केल्या तेव्हा 'फ्री' लिहिलेल्या बाटल्यांमध्ये पण ते सापडलं होतं. मग 2022 मध्ये 33,497 बायकांचा जवळजवळ 11 वर्षांचा अभ्यास आला, त्यात केस सरळ करायची केमिकल उत्पादनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाच्या कॅन्सरचा अंदाजे धोका 4.05 टक्के निघाला, कधीच न वापरणाऱ्यांमध्ये 1.64. त्या अभ्यासात कुठलं केमिकल ते वेगळं काढलेलं नव्हतं आणि हा संबंध आहे, थेट पुरावा नाही, हे पण सांगायला हवं, पण मी तरी हे वाचल्यावर नुसत्या चमकेसाठी कुणाला सुचवणार नाही.

बरं, मग फॉर्मल्डिहाइड काढलं तर जागी काय आलं? बऱ्याच ठिकाणी ग्लायऑक्सिलिक ॲसिड. मार्च 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका 26 वर्षांच्या बाईचं प्रकरण छापून आलं, आधी तब्येत चांगली असलेली, तिनं 2020, 2021 आणि 2022 मध्ये सलॉनमध्ये केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा त्यानंतर उलट्या, ताप, पाठदुखी आणि किडनीला इजा. लावताना टाळूची आग पण झाली होती. क्रीममध्ये 10 टक्के ग्लायऑक्सिलिक ॲसिड होतं, ते कातडीतून आत जाऊन शरीरात त्याचं ऑक्झलेट होतं आणि ऑक्झलेटचे स्फटिक किडनीत बसतात असं डॉक्टरांचं म्हणणं, उंदरांवर लावून पाहिल्यावर तिथंही तेच दिसलं. आता विचार कर, तुझी टाळू नुकतीच ब्लीचनं सोललेली, त्यावर हे क्रीम, आणि वर 200 अंशांच्या पुढचा आयर्न. शिवाय ते ॲसिडच केसाचा रंग बदलतं, म्हणजे दिवसभर बसून आणलेला टोन संध्याकाळी पिवळा पडलेला दिसायची शक्यता आहेच. सेलिब्रिटींच्या ट्रेंडची बातमी दहा ठिकाणी दिसते आणि ही बातमी कुणी शेअर करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि मुख्य म्हणजे ग्लास हेअरला यातलं काहीच लागत नाही! ते स्टायलिंग आहे. टोकं एका रेषेत बोथट कापायची, हीट प्रोटेक्टंट लावून ब्रशनं खालच्या दिशेनं ब्लो-ड्राय करायचा, पातळ पातळ बटा घेऊन आयर्न एकदाच फिरवायचा आणि वर दोन थेंब सिलिकॉन सीरम. पुढच्या धुण्यापर्यंत टिकतं, रेड कार्पेटवर पण ते तेवढंच टिकवायचं असतं. एवढंच की गडद केसावर ते जास्त खुलतं, कारण प्रकाश सपाट पृष्ठभागावरून नीट परत येतो, ब्लीच केलेल्या खडबडीत केसावर तेवढं येत नाही. तुझ्या दोन्ही इच्छा थोड्या एकमेकींच्या विरोधात आहेत म्हणून आधी एक ठरव.

मला विचारशील तर आत्ताच्या काळ्या केसांवर ग्लास हेअर करून बघ, आणि बॉक्स डाय आजपासून बंद. प्लॅटिनमच हवं असेल तर कलरिस्टला डायचा सगळा इतिहास सांग, कधीतरी मेंदी लावली असेल तर ती पण, कारण काही तयार मेंदीत धातूंचे क्षार असतात आणि पेरॉक्साइडशी ते गरम होऊन केस जळू शकतात. मागच्या बाजूची एक बट घेऊन आधी तिच्यावरच ब्लीच करून बघायला सांग (स्ट्रँड टेस्ट), टेस्टला नाही म्हणणाऱ्याकडे जाऊच नको. मग दोन बैठकांमध्ये काही आठवड्यांचं अंतर, मधे तांबूस-तपकिरी असे टप्पे येतील, ते पण छान दिसतात ग. आणि नंतरचं आधीच मोजून ठेव, केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो म्हणजे दर चार-सहा आठवड्यांनी नवीन आलेल्या मुळांना ब्लीच करावं लागणार, नाहीतर नवीन-जुन्याच्या सीमेवर ब्लीच चढून तिथंच केस तुटतो. एवढं जमणार नसेल तर मुळं गडद ठेवून बलायाज (हातानं रंगवलेल्या, खाली फिक्या होत जाणाऱ्या बटा) कर, त्यात निम्मा त्रास वाचतो.

त्या सलॉनकडून स्मूदनिंगच्या बाटलीच्या मागच्या घटकांचा फोटो मागव आणि इथं टाक, मी बघून सांगते त्यात काय आहे. द्यायला टाळाटाळ केली तर तेही सांग.