आईला घेऊन लांबच्या फ्लाइटने परदेशी जाताय आणि भीती वाटतेय, त्यावर सविस्तर

तुम्ही लिहिलंय की घरदार आवरून कायमचं परदेशी निघताय, दोन फ्लाइट मिळून सतरा-अठरा तासांचा प्रवास आहे, सोबत सत्तरीची आई आहे, तिची अँजिओप्लास्टी झालेली आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, आणि विमानात एक प्रवासी दगावल्याची बातमी वाचल्यापासून तुम्हाला झोप लागत नाहीये. मीसुद्धा असंच सगळं उचलून बाहेर आलेय, नंतर आईवडिलांनाही याच लांबच्या प्रवासाने आणलंय, त्यामुळे तुमची घालमेल मला अगदी कळते. उत्तर लांबणार आहे, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

आधी आकडे बघू. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक मोठा अभ्यास आला होता. पाच एअरलाइन्सच्या विमानांतून जमिनीवरच्या डॉक्टरांना मदतीसाठी जे कॉल गेले, ते जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळातले सगळे त्यांनी तपासले. ११,९२० केसेस निघाल्या, म्हणजे साधारण ६०४ फ्लाइटमागे एक. प्रवासी धरले अंदाजे ७४ कोटी ४० लाख, आणि मृत्यू किती तर ३६, त्यातले ३० विमानातच आणि बाकीचे उतरल्यानंतर. आता यात लहान-मोठ्या सगळ्या फ्लाइट आहेत, आणि जिथे कॉल केलाच नाही त्या केसेस नाहीत, त्यामुळे तुमच्या आईला हा आकडा जशाच्या तसा लावता येणार नाही, पण अंदाज येतो. बातमी होते ती अशी घटना विरळ असते म्हणूनच.

आणि त्या कॉलमध्ये सगळ्यात जास्त काय होतं माहितीये? चक्कर येणं, भोवळ येऊन पडणं. ३७ टक्क्यांच्या वर. त्याखालोखाल श्वासाचा त्रास, मग मळमळ-उलट्या. मी स्वतः एकदा बघितलंय, जेवणं झाल्यावर दिवे मंद केले होते, माझ्या पुढच्या रांगेतले एक काका टॉयलेटला जायला उठले आणि दोन पावलं टाकून आईलमध्येच, म्हणजे सीटांमधल्या वाटेतच, कोसळले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. क्रूमधल्या मुलीने त्यांना तिथेच आडवं केलं, पाय उचलून एका बॅगेवर ठेवले, शर्टाचं वरचं बटण काढलं, ऑक्सिजन लावला, आणि दहाएक मिनिटांत काका उठून बसायचं म्हणून हट्ट करायला लागले. तिने बसू दिलं नाही, बरंच केलं. तासन् तास बसून राहिलेलं शरीर, पाणी कमी प्यायलेलं, त्यात कुणी दारू घेतलेली, त्यात बीपीची गोळी, आणि एकदम उभं राहणं, एवढं भोवळ यायला पुरतं. तर आईला आत्ताच सांगून ठेवा की झटकन उठायचं नाही, आधी दोन मिनिटं पाय हलवायचे, मग सीटला धरून उभं राहायचं, आणि कुणीतरी सोबत चालायचं.

विमानात हे जास्त का होतं, तर आतली हवा जमिनीवरच्यासारखी नसते. केबिनमधला दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांवरच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात. ऑक्सिजनचं प्रमाण तेच २१ टक्के, पण दाब कमी असल्याने शरीराला मिळतो कमी, ८ हजार फुटांना हिशेब असा की जमिनीवर १५ टक्के ऑक्सिजनची हवा घेतल्यासारखं. धडधाकट माणसाचं सॅच्युरेशनही, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, नव्वदीच्या सुरुवातीला येतं आणि त्याला कळतही नाही. पण ज्याचं हृदय किंवा फुफ्फुस आधीच कसंबसं चाललंय त्याला तेवढी सवलत नसते. दुसरं म्हणजे शरीरातला वायू वर गेल्यावर जवळजवळ ३० टक्क्यांनी फुगतो. पोट फुगणं, कान दुखणं हे त्यातलंच, पण नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालंय, फुफ्फुसाभोवती हवा भरली होती किंवा डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये आत गॅसचा बुडबुडा ठेवलाय, अशांसाठी हे खरंच धोक्याचं आहे. डोळ्यातला गॅस पूर्ण जिरेपर्यंत विमानात बसायचंच नाही.

आता आईचं. अँजिओप्लास्टी कधी झाली ते तुम्ही लिहिलं नाहीये, आणि सगळं त्यावरच आहे. गुंतागुंत न होता झाली असेल आणि काही महिने उलटले असतील तर स्टेंट आहे एवढ्यावरून कुणी प्रवास नाकारत नाही. हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर, आणि तोही साधा असेल तर, कमीत कमी ७ ते १० दिवस थांबायला सांगतात, बायपासनंतर १० ते १४ दिवस, पण हे अगदी किमान आहे, आणि तुमचा प्रवास एका दमाचा नाहीये. बसल्या बसल्या छातीत दुखतंय, पायावर सूज आहे, झोपलं की धाप लागते, ठोके अनियमित आहेत आणि औषधाने आवरलेले नाहीत, यातलं काहीही असेल तर तिकीट पुढे ढकला, जॉइनिंगची तारीख पुढे मागून घ्या, पण तसंच नेऊ नका. एक साधी चाचणी डॉक्टरही विचारतात: सपाटीवर नेहमीच्या चालीने ५० मीटर चालल्यावर किंवा एक जिना चढल्यावर धाप किंवा छातीत कळ येते का? येत असेल तर आधी तपासणी, मग तिकीट.

डॉक्टरकडे निघायच्या आदल्या दिवशी जाऊ नका हो, सगळे हेच करतात. सामान, कागदपत्रं, निरोप घेणं यात आईची तपासणी शेवटी ढकलली जाते आणि मग डॉक्टर दोन मिनिटांत फिट टू फ्लाय लिहून देतात. तीन-चार आठवडे आधी जा, म्हणजे गोळी बदलावी लागली तरी ती सोसते की नाही ते घरीच कळतं. ऑक्सिजन लागेल असं वाटलं तर एअरलाइनचा मेडिकल फॉर्म भरून मंजुरी घ्यावी लागते, घरचा सिलिंडर सहसा आत नेऊ देत नाहीत, पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारं छोटं मशीन, चालतो पण त्याची बॅटरी प्रवासाच्या वेळेपेक्षा बरीच जास्त पुरायला हवी. व्हीलचेअर मात्र आजच बुक करा, आई चालती-फिरती असली तरी. एअरपोर्टवरची धावपळ, लांबच लांब चालणं, कनेक्शन चुकेल म्हणून पळणं, वर हातात बॅग, हे हृदयाला विमानात बसण्यापेक्षा जड जातं.

औषधं सगळी हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये एकही नाही. इन्सुलिन असेल तर तेही वरच, खाली ते गोठू शकतं. मूळ पाकिटातच ठेवा, सोबत प्रिस्क्रिप्शन, शेवटच्या ईसीजीचा कागद आणि फोनमध्ये फोटो. गोळ्यांच्या वेळा घड्याळ बदललं म्हणून गडबडतात, त्यासाठी डॉक्टरकडूनच तासांच्या हिशेबाने लिहून घ्या.

आणि आईला एक गोष्ट बजावून सांगा. छातीत जड वाटलं, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखलं, घाम फुटला, तर लगेच सांगायचं. आपल्या वयस्कर माणसांना वाटतं, उगाच कशाला लोकांना त्रास, उतरल्यावर बघू. समुद्रावर असताना जवळचा एअरपोर्ट काही तासांवर असू शकतो, म्हणून पहिला अर्धा तास वाया घालवायचा नसतो. क्रूला सीपीआर आणि एईडी म्हणजे शॉक देण्याचं मशीन वापरायचं ट्रेनिंग असतं, सॅटेलाइट फोनवरून जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलता येतं, आणि त्याच अभ्यासात जवळजवळ निम्म्या केसेसमध्ये प्रवाशांपैकी कुणीतरी डॉक्टर मदतीला उठले होते. विमान मध्येच उतरवावं लागलं ते ७ टक्क्यांच्या आसपास. मृत्यू बहुतेक हृदय बंद पडल्यानेच झाले, तिथे मिनिटामिनिटाचा हिशेब असतो.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण माझ्या मते तुमच्या घरासाठी खरा विषय तोच आहे, पायात होणारी रक्ताची गुठळी. ती विमानात होते आणि त्रास देते उतरल्यावर. गंमत म्हणजे लांबचे विमानप्रवास सर्रास व्हायच्या आधीपासून हे माहीत आहे. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्रभर शेल्टरमध्ये डेक चेअरवर बसून काढायचे, त्यातले काही अचानक मरायला लागले, आणि कीथ सिम्पसन नावाच्या पॅथॉलॉजिस्टने दाखवलं की खुर्चीची कड मांडीखाली दाबून पायातलं रक्त साकळतं, गुठळी सुटून फुफ्फुसात जाते. तीच गोष्ट सीटवर होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं की ४ तासांपेक्षा जास्त वेळ बसून प्रवास केला की धोका साधारण दुप्पट होतो, अर्थात दुप्पट होऊनही तो साधारण ६,००० प्रवाशांत एक एवढाच. पण अंतराप्रमाणे वाढतो. पॅरिसच्या शार्ल द गोल एअरपोर्टवर उतरलेल्या प्रवाशांचा अभ्यास २००१ मध्ये आला, त्यात विमानतळावरूनच हॉस्पिटलला न्यावं लागेल अशी फुफ्फुसातली गुठळी ५,००० किलोमीटरच्या वरच्या प्रवासात दहा लाखांत दीड जणांना, आणि १०,००० च्या वर गेलं की दहा लाखांत ४.८ जणांना.

कुणाला जास्त? आधी गुठळी झालेल्यांना, कॅन्सरवाल्यांना, नुकतंच ऑपरेशन किंवा प्लास्टर झालेल्यांना, गरोदर आणि नुकत्याच बाळंतीण झालेल्या बायकांना, वजन जास्त असलेल्यांना, खूप उंच आणि खूप बुटक्या माणसांनाही, कारण सीट त्यांच्या मापाची नसते. आणि गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोन घेणाऱ्या बायकांना. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण सगळे आईची काळजी करतात आणि तिशी-चाळिशीच्या बाईकडे कुणी बघत नाही. तुमच्या मिसेस अशी गोळी घेत असतील तर त्यांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं.

उपाय महागडे नाहीत. पायाशी बॅग ठेवू नका, पाय पसरायला जागा ठेवा. शक्य असेल तर आईल सीट घ्या, खिडकीवाला माणूस दोघांना उठवायला नको म्हणून बसूनच राहतो. दर तासाला पोटऱ्या आवळायच्या-सोडायच्या, टाच-चवडे वर-खाली, जमेल तेव्हा एक फेरी. झोपेची गोळी घेऊन आठ तास एकाच कुशीवर पडून राहणं हे मला सगळ्यात वाईट वाटतं, ते करूच नका. गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशन सॉक्स, म्हणजे पाय घट्ट दाबून धरणारे मोजे, खरंच काम करतात, कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात लांबच्या फ्लाइटच्या २,६३७ प्रवाशांपैकी ५० जणांच्या पायात लक्षणं नसलेली गुठळी सापडली, त्यातल्या फक्त तिघांनी सॉक्स घातले होते, ४७ जणांनी नाही. माप घेऊन घ्या, आणि आईच्या पायाच्या धमन्यांत ब्लॉकेज आहे का हे विचारल्याशिवाय तिला घालू नका. अ‍ॅस्पिरिन मनाने सुरू करायची नाही, आईची बहुतेक आधीच चालू असेल.

आता उतरल्यावरचं. धोका काही आठवडे राहतो, आणि नेमके तेच आठवडे तुमचे सगळ्यात धावपळीचे. आमच्या ओळखीतल्या एका ताईंची पोटरी नव्या देशात आल्यावर दुसऱ्या आठवड्यात दुखायला लागली, त्यांना वाटलं बॅगा उचलल्याने असेल, त्या शेक घेत बसल्या, कारण डॉक्टर कुठे आहे, नाव कुठे नोंदवायचं, काहीच ठाऊक नव्हतं. एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलेला, गरम आणि दाबल्यावर दुखरा होता. नशिबाने शेजारणीने ओढून नेलं म्हणून वेळेत कळलं. तर एकाच पायाला सूज-दुखणं आलं तर त्याच दिवशी दाखवा, आणि अचानक धाप, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, यातलं काही झालं तर सरळ इमर्जन्सी. तिथे पहिलं वाक्य हेच बोला की आम्ही एवढ्या तासांचा विमानप्रवास करून अमुक दिवशी आलो. डॉक्टरला ते आपोआप कळत नाही. तिथला इमर्जन्सी नंबर आणि घराजवळचं हॉस्पिटल निघायच्या आधीच लिहून ठेवा.

बाकीचं थोडक्यात. बसल्यावर पट्टा कायम बांधलेला ठेवा, मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या विमानाला भयंकर हिसका बसला, एका ७३ वर्षांच्या प्रवाशाचा मृत्यू झाला, बरेच जखमी झाले आणि विमान बँकॉकला उतरवावं लागलं. हवा फिल्टर होऊन येते, पण आजूबाजूच्या रांगेत कुणी खोकत असेल तर मास्क लावा, आईला तर लावाच.

विमानात कुणी गेलंच तर काय होतं हेही विचारलंत. सीपीआर करतात, जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलतात, आणि काहीच प्रतिसाद नसेल तर थांबतात. मग शक्यतो कमी गर्दीच्या सीटवर पट्टा बांधून, मानेपर्यंत झाकून, डोळे मिटून ठेवतात, नातेवाइकांना सोबत बसू देतात. पुढची नोंद आणि पोलिसांची कागदपत्रं विमान उतरतं तिथे होतात. नुकसानभरपाई मिळेल असं धरून चालू नका. १९९९ च्या माँट्रियल कराराखाली, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईच्या कराराखाली, एअरलाइन जबाबदार ठरते ती विमानात अपघात झाला तर, स्वतःच्या आजाराने आलेला मृत्यू सहसा त्यात बसत नाही, गुठळीच्या केसेस इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, २००५ मध्ये याच मुद्द्यावर नाकारल्या. क्रूने मदत करायला नकार दिला आणि त्यामुळे माणूस गेला असं असेल तर वेगळं, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये दम्याच्या एका प्रवाशाच्या बाबतीत तसा निकाल दिलाय, सिगारेटच्या धुरापासून लांब बसवायला क्रूने नकार दिला होता.

म्हणून पैसे भरायचेत ते इन्शुरन्सवर. आईची अँजिओप्लास्टी फॉर्ममध्ये लपवू नका, लपवलं की क्लेम नाकारतात. आधीचे आजार कव्हर होतात का, ते लेखी घ्या, आणि पॉलिसी विमानात बसायच्या दिवसापासून सुरू होऊन तिथला कायमचा हेल्थ इन्शुरन्स लागू होईपर्यंत एकही दिवस मध्ये रिकामा राहू देऊ नका. अँजिओप्लास्टीची तारीख आणि आईच्या गोळ्यांची नावं कळवा, म्हणजे डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते मी लिहून देते.