डोरियन ग्रे पहिल्यांदा वाचताना

‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ घेतोयस ना, मग आधी आवृत्ती बघ. ऑस्कर वाइल्डची ही कादंबरी १८९० मध्ये मासिकात आली तेव्हा तेरा प्रकरणांची होती. १८९१ च्या पुस्तकात वीस झाली. तू वीसवालीच घे.

डोरियनला नादी लावणारा त्याचा वाक्चतुर मित्र लॉर्ड हेन्री तोंड उघडतो तेव्हा पेन्सिल आपोआप रेघ मारू लागते. मार खुशाल, पण त्याचं बोलणं म्हणजे लेखकाचं मत असं धरू नकोस. मी कॉलेजात धरलं होतं आणि वर्षभर मित्रांना पिडलं.

सातव्या प्रकरणात मात्र रेंगाळ. प्रेयसी असलेल्या नटी सिबिल व्हेनला झिडकारून डोरियन हा देखणा नायक पहाटे घरी येतो. घरातल्या त्याच्या स्वतःच्या चित्रात ओठांपाशी क्रूरपणाची जराशी छटा उमटलेली, एवढंच. रक्त नाही, भूत नाही. तो पडदा सारून उजेड आत घेतो, हस्तिदंती चौकटीच्या आरशात स्वतःचे ओठ तपासतो. तिथे काहीच नाही! मला तरी पुढे येणाऱ्या खुनापेक्षा हीच जागा जास्त भिववते.

अकरावं प्रकरण, म्हणजे अत्तरं, रत्नं, भरतकाम यांची लांबलचक जंत्री, पहिल्या खेपेला चाळलंस तरी चालेल. आणि चित्रपट नंतर बघ.